४११ जागा मिळूनही ब्रिटनमधील लोक इतके नाराज का?

आपण विचारले आहे की, २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या असताना वर्षभरातच ब्रिटनमधील लोक त्या सरकारवर, आणि खरे तर सगळ्याच पक्षांवर, इतके नाराज कसे झाले. शिक्षणासाठी इकडे येणार असल्याचेही आपण लिहिले आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. मी बारा वर्षांपासून इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. माझ्या मते ही नाराजी एका पक्षावरची नाही आणि ती त्या एका वर्षात निर्माण झालेलीही नाही. आपण दिलेल्या मताचा आणि आपल्या वाट्याला येणाऱ्या कारभाराचा काही संबंध उरलेला नाही, अशी इथल्या सामान्य माणसाची हळूहळू खात्री होत गेली आहे, आणि ती खात्री अनाठायी आहे असे मला वाटत नाही.

आधी त्या ४११ जागांकडेच पाहू. त्या मिळाल्या ३३.७ टक्के मतांवर, आणि मतदान झाले होते साधारण ६० टक्के. म्हणजे नोंदणी झालेल्या दर पाच मतदारांपैकी जेमतेम एकाने या सरकारला मत दिले होते. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाची दाणादाण उडाली, तेव्हा त्या पक्षाला १ कोटी २ लाखांहून अधिक मते होती. २०२४ मध्ये केअर स्टार्मर यांनी प्रचंड बहुमत मिळवले, तेव्हा ती सुमारे ९७ लाखांवर आली होती. मते घटली आणि जागा दुप्पट झाल्या, कारण समोरच्या, तेव्हा सत्तेवर असलेल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची मते फुटली. रिफॉर्म यूके या पक्षाला ४१ लाख मतांवर ५ जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्याहून कमी, सुमारे ३५ लाख मतांवर ७२. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत आपण भारतीयांनी ब्रिटिशांकडूनच घेतली असल्यामुळे हे गणित आपल्याला नवे नाही. मात्र मतांचा वाटा आणि जागांचा वाटा यांत एवढी मोठी तफावत इथेही पूर्वी क्वचितच दिसली होती. त्यामुळे लोकांनी मोठ्या अपेक्षेने सरकार निवडले आणि मग त्यांचा भ्रमनिरास झाला, हे चित्रच मला अपुरे वाटते. बहुसंख्य लोकांनी ते सरकार मुळात निवडलेलेच नव्हते.

दुसरे कारण पंतप्रधानांच्या अदलाबदलीचे. २०१६ ते २०२४ या काळात डेव्हिड कॅमेरॉन, थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि स्टार्मर अशा सहा जणांनी हे पद भूषवले, आणि त्यांतले मधले चौघे पहिल्यांदा पदावर आले ते सार्वत्रिक निवडणुकीतून नव्हे, तर पक्षांतर्गत निवडीतून. ट्रस यांना निवडण्याचा अधिकार हुजूर पक्षाच्या सुमारे १ लाख ७२ हजार सदस्यांना होता, तर देशात मतदार साडेचार कोटींहून अधिक. पुढे सुनक आले तेव्हा दुसरा उमेदवारच न उरल्याने त्या सदस्यांनीही मत दिले नाही. संसदीय पद्धतीत हे सगळे नियमाला धरून आहे, हे मला मान्य आहे; पण नियमाला धरून असलेली गोष्ट लोकांना पटतेच असे नाही.

ट्रस यांच्या ४९ दिवसांनी जे केले ते तर थेट घराघरांत पोचले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि त्यासाठी पैसा कुठून येणार हे सांगितलेच नाही. पौंड गडगडला, सरकारी रोख्यांचे भाव कोसळून व्याजदर चढले आणि निवृत्तिवेतन निधी वाचवण्यासाठी पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावे लागले. इथे गृहकर्जाचा व्याजदर बहुधा दोन किंवा पाच वर्षांसाठी पक्का केलेला असतो आणि मुदत संपली की नवा करार करावा लागतो. ज्यांची मुदत नेमकी त्या दिवसांत संपत होती, त्यांच्यासमोर दीड-दोन टक्क्यांच्या जागी सहा टक्क्यांचा दर आला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर महागाई वजा जाता पगार जवळजवळ जागच्या जागी थांबलेले असताना हा बोजा पडला. अशा घरातल्या माणसाला दर महिन्याला हप्ता जाताना तो सप्टेंबर आठवत असेल, तर त्यात नवल नाही.

आता ज्या प्रकरणाने माझा स्वतःचा विश्वास सर्वाधिक डळमळला, त्याबद्दल सांगतो. इथे छोट्या गावांतले आणि उपनगरांतले पोस्ट ऑफिस म्हणजे पुष्कळदा एक दुकान असते. पुढे वर्तमानपत्रे, दूध, चॉकलेटे आणि मागच्या कोपऱ्यात काचेआड पोस्टाची एक खिडकी. ते चालवणाऱ्याला सब-पोस्टमास्तर म्हणतात, आणि त्यांत भारतीय वंशाची कुटुंबे पुष्कळ आहेत. १९९९ पासून या खिडक्यांवर फुजित्सू कंपनीची होरायझन ही संगणकप्रणाली बसवण्यात आली. रात्री हिशेब मिटवताना पडद्यावर शेकडो, कधी हजारो पौंडांची तूट दिसे, जी प्रत्यक्षात नव्हतीच. करारानुसार ती तूट दुकानदाराने खिशातून भरायची. मदतीसाठी फोन केला तर, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, असे कित्येकांना सांगण्यात आले. माणसांनी घरे गहाण टाकली, नातेवाइकांकडून उसने घेतले, आणि तरीही ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबांबद्दल दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीवन संपवले. २०१९ मध्ये ॲलन बेट्स आणि त्यांच्या ५५४ सहकाऱ्यांच्या दाव्यात उच्च न्यायालयाने ही प्रणाली सदोष असल्याचे स्पष्ट म्हटले. तरीसुद्धा सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा यायला मे २०२४ उजाडले, आणि तेही त्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर या विषयावरची मालिका दाखवली गेल्यावर देशभर संताप उसळला म्हणून. त्या पंचवीस वर्षांत मजूर, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट अशा तिन्ही पक्षांचे मंत्री पोस्टाचा कारभार पाहणाऱ्या खात्यावर होते. 'सगळे सारखेच' असे कोणी म्हणाले की मी एरवी वाद घालतो. या प्रकरणात मला वाद घालता येत नाही.

कोविडकाळात लोकांना एकत्र जमण्यास बंदी असताना डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयात झालेल्या मेजवान्यांबद्दल आपण वाचले असेलच. पोलिसांनी १२६ दंड केले, त्यांत जॉन्सन आणि सुनकही होते. आपल्या पतीच्या अंत्यविधीला राणी एलिझाबेथ मास्क लावून एकट्याच बाकावर बसल्या होत्या, आणि त्याच्या आदल्याच रात्री डाउनिंग स्ट्रीटवर निरोप समारंभ झाले होते, एवढे सांगितले तरी पुरे.

मजूर सरकारबद्दलच्या नाराजीचा आरंभ जुलै २०२४ च्या अखेरीस झाला. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी वृद्धांना हिवाळ्यात मिळणारे २०० ते ३०० पौंडांचे इंधन अनुदान फक्त अत्यल्प उत्पन्न असलेल्यांपुरते मर्यादित केले. सुमारे १ कोटी लोकांचे अनुदान गेले. जाहीरनाम्यात याचा उल्लेख नव्हता. जून २०२५ मध्ये वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ते पुन्हा देण्याचे ठरले, पण मधला हिवाळा सरून गेला होता. शेजारी राहणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या एका आजींशी माझे यावर बोलणे झाले. पैसे परत मिळाले याचा आनंद त्यांना फारसा नव्हता. जे देणे शक्य होते ते मुळात काढून का घेतले, हे कोणीच सरळ का सांगत नाही, एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

तरीही एक गोष्ट आपण इथे येण्याआधी समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. पक्षांवर चिडलेले हेच लोक स्वतःच्या खासदाराबद्दल पुष्कळदा आपुलकीने बोलतात. खासदार आपल्या मतदारसंघात नियमितपणे लोकांना भेटतात. या भेटींना 'सर्जरी' म्हणतात. मी एकदा एका शेजाऱ्यासोबत तिथे गेलो होतो. ग्रंथालयातली लहानशी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर खासदार आणि शेजारी वहीत टिपून घेणारी त्यांची सहायक. दहा मिनिटे त्यांनी नीट ऐकून घेतले आणि तीन आठवड्यांत लेखी उत्तर आले. याच भेटींच्या वाटेवर जून २०१६ मध्ये खासदार जो कॉक्स यांची आणि अशीच भेट सुरू असताना ऑक्टोबर २०२१ मध्ये खासदार डेव्हिड अमेस यांची हत्या झाली. लोकांचा राग रास्त आहे असे मी वर लिहिले खरे, पण 'हे सगळे चोर आहेत' असे वाक्य सहज कानावर पडते तेव्हा मला ती ग्रंथालयातली खोली आठवते आणि काळजी वाटते.

शेवटी आपल्या उपयोगाचे. राष्ट्रकुलातील देशाचे नागरिक असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीयांना, विद्यार्थ्यांनासुद्धा, ब्रिटनच्या निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे, आणि हे आपल्याकडच्या कित्येकांना ठाऊकच नसते. राहण्याचा पत्ता पक्का झाला की ऑनलाइन नोंदणी करून टाका. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. मतदान बहुधा गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत असते. बोटाला शाई लावत नाहीत, यंत्रही नसते. कागदावर नावापुढे पेन्सिलीने फुली मारायची आणि घडी घालून पेटीत टाकायची.