अभ्यासिकेत नव्याने आलेल्या ताईंना

ताई, लालबागच्या आपल्या अभ्यासिकेतील नववी-दहावीची मुले चॅटजीपीटी वापरतात, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. बंदी घातल्याने वापर थांबत नाही, तो केवळ आपल्या नजरेआड होतो. मुलांसोबत बसून चॅटजीपीटीला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याविषयी प्रश्न विचारा आणि आलेले उत्तर पुस्तकाशी ओळीओळीने ताडून पाहायला लावा. हे साधन पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचा अंदाज घेत एकामागून एक शब्द जुळवत जात असल्यामुळे १ मे १९६० ऐवजी भलतीच तारीखही ते तितक्याच ठामपणे सांगू शकते, आणि हे मुलांना स्वतः पडताळल्यावरच पटते.

चॅटजीपीटीच्या नियमांप्रमाणे १३ वर्षांखालील मुलांना ते वापरता येत नाही आणि १८ वर्षांपर्यंत पालकांची संमती लागते, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

मला खरी काळजी वाटते ती अशाच एआय साधनांनी बनवलेल्या मुलींच्या बनावट फोटोंची. एखाद्या मुलीचा असा फोटो फिरू लागला, तर तिला एका शब्दानेही दोष देऊ नका. तो कोणीही पुढे पाठवणार नाही हे पाहा, लिंक आणि खात्याचे नाव लिहून ठेवा, पालकांना विश्वासात घ्या आणि त्याच दिवशी १०९८ या चाइल्डलाइनवर व राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.