दोन महिला खेळाडूंमधला तुम्ही पाहिलेला सर्वांत चुरशीचा बुद्धिबळाचा डाव कोणता?

28 जुलै 2025, जॉर्जियातलं बातुमी. महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, कोनेरू हम्पी विरुद्ध आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. त्यातला टायब्रेकचा, म्हणजे बरोबरी फोडायला खेळतात त्या झटपट डावांपैकी, दुसरा डाव.

आधीचे दोन्ही क्लासिकल (जास्त वेळेचे) डाव बरोबरीत सुटलेले, टायब्रेकचा पहिलाही. या डावात पांढरी मोहरी हम्पीकडे होती आणि अनुभवाचं पारडंही तिच्याच बाजूला. ती 2002 साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

वेळ प्रत्येकी 15 मिनिटं, वर दर चालीला 10 सेकंद. ऐकायला ठीक वाटतं. पण मूळची मिनिटं संपली की सगळा संसार त्या 10 सेकंदांत करायचा: समोरचीची चाल बघा, हिशेब करा, मोहरं हलवा, घड्याळ दाबा. गल्लीतल्या स्पर्धांत अशा वेळी मी अख्खा हत्ती फुकट देऊन बसलोय. त्यामुळे ऑफिसात मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून डाव बघताना माझं लक्ष पटापेक्षा घड्याळाकडेच होतं.

हम्पी वेळेच्या कचाट्यात सापडली आणि चुकली. दिव्याचा डाव जिंकायच्या स्थितीत आला. मग तिच्याही हातून तो निसटला, पुन्हा बरोबरीची आशा दिसायला लागली आणि शेवटची चूक हम्पीची झाली. काही जण म्हणतात, एवढ्या चुका असलेला डाव कसला भारी? मला उलट वाटतं. डाव कुणाकडे झुकलाय ते सांगणाऱ्या संगणकाच्या इंजिनाचा आकडा खालीवर होताना बघणं सोपं आहे हो, त्या खुर्चीत बसणं नाही.

हम्पीने डाव सोडला. पुढे दिव्या आईला मिठी मारून रडली, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म (स्पर्धांत ठरावीक दर्जाच्या खेळाबद्दल मिळणारे टप्पे) लागतात. तिच्याकडे एकही नव्हता, पण हा चषक जिंकणारीला किताब थेट मिळतो. 19 व्या वर्षी ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली, महिलांमध्ये चौथी.

आणि जिंकल्यावर ती काय म्हणाली, तर मला एंडगेम (थोडीच मोहरी उरल्यावरचा शेवटचा खेळ) शिकायला हवेत.