नाशिकहून लंडन विमानाने किती लांब आहे? एकूण किती तास धरायचे?

तुमच्या आई पहिल्यांदाच एकट्या लंडनला तुमच्या बहिणीकडे निघाल्यात, म्हणून अंतर आणि तास विचारलेत. सरळ हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. मुंबईहून मोजा की नाशिकहून, फारसा फरक पडत नाही.

विमान ताशी 900 किलोमीटरने गेलं तर आठ तासांत पोहोचेल, असं गणित बरेच जण मांडतात. प्रत्यक्षात चढण्या-उतरण्यात वेळ जातो, ठरलेल्या हवाई मार्गांनी वळसे पडतात आणि वारा तर असतोच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत असतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो. म्हणून मुंबई-लंडन थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास धरा, येताना नऊच्या आसपास.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यामुळे घरात हमखास गोंधळ होतो. समजा मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 5:30 ला उतरायचं आहे. दिसायला साडेचार तास, पण हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. म्हणजे प्रवास झाला दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचाच असतो.

आता नाशिककरांचा खरा हिशेब, म्हणजे मुंबई विमानतळ गाठणं. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टळला, हे फार बरं झालं. पण आमण्याहून पुढे ठाण्याकडे जाताना वडपे ते माजिवडा कंटेनरच्या रांगेत गाडी इंच इंच सरकू शकते. रस्त्याला चार तास, विमानतळावर तीन तास आधी, वर तासभर राखीव. उड्डाणाच्या आठ तास आधी घर सोडा. यात मी तडजोड करणार नाही. म्हणजे दारापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत अठरा तास, आणि बाहेर पडेपर्यंत आणखी एक-दोन.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जाता येतं, घाट-रस्ता वाचतो. तसं करायचं तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत सामान काढून पुन्हा जमा करावं लागतं, कदाचित टर्मिनलही बदलावं लागतं, आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर विमान कंपनी जबाबदारी घेत नाही. पहिल्यांदा एकट्या जाणाऱ्या बाईंना या फंदात पाडू नका, मुंबईहून थेटच पाठवा.

आणि त्या कितीही ठणठणीत असल्या तरी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. हीथ्रोवर चालणं खूप आहे, शिवाय व्हीलचेअर ढकलणारा माणूस इमिग्रेशन पार करून देतो. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत द्या, मोठ्या बॅगेत नको.