मिड-ईक्यू पेडल: आधी की नंतर, किती वाढवायचं आणि आवाज नाकात का जातो

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. घरी भरीव वाटणारा इलेक्ट्रिक गिटारचा टोन बँडमध्ये ड्रम, बास गिटार आणि कीबोर्ड सुरू झाले की गायब होतो. त्यासाठी घेतलेल्या मिड-ईक्यू पेडलचा (आवाजातला मधला पट्टा, म्हणजे मिड, कमी-जास्त करणारं पायाजवळचं उपकरण) बूस्ट, म्हणजे वाढवण्याचं प्रमाण, चढवला की आवाज नाकातून आल्यासारखा होतो. आणि हे पेडल ओव्हरड्राइव्हच्या (आवाज थोडा फाटवणाऱ्या पेडलच्या) आधी लावावं की नंतर, हे ठरत नाही. तिन्ही सुटण्यासारख्या आहेत. मात्र पेडलच्या नॉबला हात लावण्याआधी ॲम्पकडे (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) बघा.

बहुतेक जुन्या धाटणीच्या ॲम्पमधलं टोन सर्किट पॅसिव्ह असतं. ते काहीच वाढवत नाही, फक्त कमी करतं. फेंडर कंपनीच्या साठच्या दशकातल्या ॲम्पच्या रचनेत बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवले तरी साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा पडलेला असतो. मार्शल पद्धतीच्या सर्किटमध्ये तो खड्डा थोडा वर सरकतो आणि कमी खोल असतो. मिडचा नॉब दहावर नेला म्हणजे मिड वाढले असं नाही, खड्डा थोडाफार बुजला एवढंच. काही ॲम्पना तर मिडचा नॉबच नसतो. त्यामुळे पेडलवर काही करण्याआधी ॲम्पचा बास ३-४ वर, ट्रेबल ५ वर आणि मिड ६-७ वर आणून ऐका. निम्मी तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते, आणि पेडलला मग कमी काम उरतं. तेच बरं.

घरी चांगला वाटलेला टोन बँडमध्ये का हरवतो? कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तीव्र टोकही थोडं कमी येतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणून घरी हलक्या आवाजात वाजवताना हात आपोआप बास आणि ट्रेबल वाढवायला जातो आणि मिड खाली येतात. तालमीला आवाज मोठा झाला की तोच बास फुगतो, पण खालच्या पट्ट्यात बास गिटार आणि किक ड्रम आधीच बसलेले असतात, त्यामुळे गिटारचा खर्ज त्यांच्यात विरघळतो. वरच्या टोकाला झांजा असतात, शिवाय गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. गिटारला खरी जागा उरते ती ४०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झच्या दरम्यान, आणि नेमकी तीच तुम्ही घरी कापून आलेले असता.

ही जागा एकजिनसी नाही, त्यामुळे ‘मिड वाढवा’ हा सल्ला अपुरा आहे. २०० ते ३०० हर्ट्झमध्ये जाडी असते. एकट्या गिटारला ती शोभते, बँडमध्ये तिचा चिखल होतो. ४०० ते ५०० मध्ये अंग भरतं, जास्त झालं की आवाज खोक्यातून आल्यासारखा वाटतो. ७०० ते ९०० हा पट्टा गिटारला पुढे आणतो आणि सोलोच्या सुरांना बोलकेपणा देतो. १ ते १.५ किलोहर्ट्झमध्ये नाक असतं: थोडं असेल तर सूर स्पष्ट, जास्त असेल तर हॉर्नसारखा आवाज. १.६ ते २.५ मध्ये पिकचा आघात आणि धार असते, ३ ते ४ मध्ये बोचरेपणा. आकडे ढोबळ आहेत, पिकअप (तारांची थरथर टिपणारा गिटारचा भाग) आणि स्पीकरप्रमाणे थोडे सरकतात. अंदाजासाठी एक लक्षात ठेवा: उघडी जाड तार ८२ हर्ट्झला वाजते आणि पातळ तारेचा २२ वा फ्रेट साधारण ११७५ ला. म्हणजे ८०० ला बूस्ट दिला की मधल्या सुरांचे हार्मोनिक (मूळ स्वरावरचे उपस्वर) आणि वरच्या सुरांचे मूळ स्वर दोन्ही उचलले जातात. म्हणूनच तो पट्टा सोलोला इतका उपयोगी पडतो.

आता नाकाचा प्रश्न. तो फ्रिक्वेन्सीपेक्षा ‘क्यू’चा जास्त आहे, म्हणजे बूस्ट किती रुंद पट्ट्याला मिळतो त्याचा. ८०० हर्ट्झ आणि क्यू १ असेल तर साधारण ५०० ते १३०० हा पूर्ण पट्टा उचलला जातो आणि कानाला नैसर्गिक वाटतो. तीच फ्रिक्वेन्सी, क्यू ४ केला तर फक्त ७०० ते ९०० उचलले जातात आणि टोन एका जागी अडकलेल्या वाह पेडलसारखा होतो. तुमच्या पेडलवर क्यूचा स्विच आहे असं लिहिलंत, तो बहुतेक अरुंद बाजूला असणार. रुंद बाजूला टाका. बूस्ट १० डीबीवर (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) असेल तर ३ ते ५ वर आणा. ज्या पेडलवर क्यू बदलता येत नाही, तिथे बूस्ट कमी ठेवणं हाच उपाय. अनेक ग्राफिक ईक्यूंमध्ये स्लायडर थोडासा उचलला तर वक्र रुंद राहतो आणि टोकाला नेला की टोकदार होतो, त्यामुळे तिथे हा उपाय दुप्पट फळतो.

वाढवताना रुंद, कापताना अरुंद, हा नेम पाळा. कापायची जागा शोधायची तर क्यू अरुंद करा, बूस्ट ८-१० डीबी द्या, एकच कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवत फ्रिक्वेन्सीचा नॉब हळू फिरवा. जिथे कानाला सर्वात जास्त खटकेल तिथे थांबा आणि बूस्टचा नॉब उलट बाजूला न्या, ३-४ डीबी कटपर्यंत. हमबकर (दोन कॉइलचं पिकअप) असलेल्या गिटारमध्ये ही जागा बऱ्याचदा २५० ते ४०० मध्ये सापडते. तेवढं काढलं की मिड वाढवायची गरजच कमी होते.

आणि प्रत्येक बदलानंतर लेव्हल, म्हणजे पेडलमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी, जुळवा. ही पायरी टाळली की सगळे निर्णय चुकतात, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. ८०० ला ५ डीबी दिले की एकूण आवाजही चढतो. पेडलची लेव्हल इतकी खाली आणा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाचा जोर तोच राहील आणि फक्त स्वभाव बदलेल. मग ठरवा की बदल हवा की नको. बरेचदा ५ च्या जागी ३ डीबी पुरेसे ठरतात.

आधी की नंतर, याचं उत्तर तुम्हाला पेडलकडून काय हवं यावर अवलंबून आहे, कारण दोन्ही जागी तोच नॉब वेगळं काम करतो.

ओव्हरड्राइव्हच्या आधी लावलं तर तुम्ही ठरवता की कोणता पट्टा आधी आणि जास्त फाटेल. तिथे ८०० ला ६ डीबी दिले तर आवाज फारसा मोठा होत नाही. तो पट्टा जास्त दाटतो, सूर लांबतो, पिकचा आघात दबतो. त्याहून मोठा फायदा कापण्यात आहे. १०० आणि २०० हर्ट्झ आधीच ४-६ डीबी कमी केले तर जाड तारांवरचे पाम-म्यूट (तळहात टेकवून वाजवलेले सूर) घट्ट होतात, कारण खर्जाला सर्वात जास्त ताकद असते आणि तोच डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज फाटण्याच्या टप्प्याला, आधी भरून टाकतो. ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह इतका टिकून राहिला त्यामागे हेच आहे. त्याच्या क्लिपिंगच्या (आवाज फाटवणाऱ्या) टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झच्या खालचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) उतरवत नेतात. म्हणून खर्ज कमी फाटतो आणि मधला पट्टा पुढे येतो. तुमचा ओव्हरड्राइव्ह याच जातीचा असेल तर मिडचा उंचवटा त्यात आधीच आहे. त्यात ईक्यूवरून पुन्हा ८०० वाढवलंत तर नाक येणारच. तिथे ईक्यूवर ४०० किंवा १.६ किलोहर्ट्झ निवडा.

नंतर लावलं तर फाटण्याचा पोत तसाच राहतो आणि तयार आवाजाचं वजन बदलतं. बँडमध्ये ऐकू यायचं असेल, सोलोला उठायचं असेल, तर ही जागा. तुमच्या मुख्य तक्रारीसाठी हीच वापरा.

डिस्टॉर्शन पेडलचं नसून ॲम्पच्या प्रीॲम्पचं (पहिल्या टप्प्याचं) असेल तर ‘नंतर’ म्हणजे इफेक्ट्स लूप, प्रीॲम्पच्या पुढे पेडल जोडायची ॲम्पवरची सोय. पुढच्या इनपुटला लावलेलं ईक्यू अशा ॲम्पमध्ये सोलोला आवाज वाढवू शकत नाही. लेव्हल कितीही वाढवा, फक्त गेन वाढतो. ‘बूस्ट दिला पण सोलो ऐकू येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. लूपमध्ये एक धोका आहे. काही लूपमधला सिग्नल गिटारपेक्षा बराच जोरदार असतो. ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलमध्ये ऑप-ॲम्पला (सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) वर-खाली मिळून ९ व्होल्टपेक्षा कमीच जागा मिळते. १२ डीबी म्हणजे चौपट, तेव्हा १ व्होल्ट शिखराचा सिग्नल ४ व्होल्ट शिखराचा होतो, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ८ व्होल्ट, आणि पेडल स्वतःच फाटायला लागतं. हे फाटणं कोरडं आणि चरचरीत असतं, ओव्हरड्राइव्हसारखं गोड नसतं. उपाय: लूपचा सेंड (पेडलकडे जाणारा सिग्नल) कमी करा किंवा लेव्हल स्विच असेल तर खालच्या पातळीवर टाका, आणि बूस्टऐवजी कट वापरा. १८ व्होल्ट फक्त तेव्हाच द्या जेव्हा पेडलवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल, नाहीतर पेडल जळू शकतं.

सोलोसाठी सुरुवातीचं सेटिंग: ८०० हर्ट्झ, क्यू साधारण १, बूस्ट ४ डीबी आणि लेव्हल ३ डीबी वर. इथे लेव्हल जुळवायची नाही, आवाज वाढवायचाच आहे. बँडबरोबर वाजवून ऐका. गायक आणि कीबोर्ड ८०० लाच गर्दी करत असतील तर फ्रिक्वेन्सी १.२ किलोहर्ट्झपर्यंत न्या. दोन गिटार असतील तर दोघांनी एकच पट्टा वाढवू नका. एकाने ५००-६०० हर्ट्झ, दुसऱ्याने १.२ ते १.६ किलोहर्ट्झ घेतला तर दोघेही कमी आवाजात स्पष्ट ऐकू येतात.

मिड पेडलऐवजी सात स्लायडरचं ग्राफिक ईक्यू हाताशी असेल, उदाहरणार्थ १९८१ पासून चालत आलेलं बॉस जीई-७, तर त्याचे पट्टे १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ आणि १.६, ३.२, ६.४ किलोहर्ट्झ असे असतात आणि प्रत्येकाला १५ डीबी वर किंवा खाली नेता येतं. ओव्हरड्राइव्हनंतरची सुरुवात: १०० ला उणे ३, २०० ला उणे २, ४०० जागेवर, ८०० ला अधिक ४, १.६ ला अधिक २, ३.२ जागेवर, ६.४ ला उणे ३. शेजारचे पट्टे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ४००, ८०० आणि १.६ तिन्ही सारखेच ८ डीबी वर नेले तर टोन फारसा घडत नाही, बराचसा आवाजच वाढतो. ६.४ वाढवायचा मोह टाळा. स्पीकर तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे हाती फक्त सुरसुर येते.

सुरसुरीचं कारण बहुतेकदा वीजपुरवठ्यात किंवा पेडलच्या जागेत असतं. डिस्टॉर्शनच्या आधी ईक्यूने वाढवलेला प्रत्येक डीबी गोंगाटालाही मिळतो आणि पुढचा गेन त्याला आणखी फुगवतो. डिजिटल पेडलबरोबर एकाच साखळी-वायरवर चालवलं तर बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. वीजपुरवठ्याचं वेगळं, आयसोलेटेड आउटपुट द्या. व्होल्टेज आणि प्लगची ध्रुवता पेडलवर छापलेली असते, ती तपासा.

सिंगल कॉइल गिटारला हमबकरच्या जवळ न्यायचं असेल तर ईक्यू साखळीत सर्वात पुढे ठेवा: ४०० आणि ८०० ला ३-४ डीबी, ३.२ ला उणे ३, लेव्हल ३ डीबी वर. अंग भरतं, पण पिकअपचा घुंघुं आवाज जात नाही, थोडा वाढतोच. एक अपवाद सांभाळा. फझ फेसच्या जातीच्या फझला (आवाज खूप फाटवणाऱ्या पेडलला) गिटार थेट जोडलेली आवडते. त्याच्या आधी ईक्यू आलं की गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर मिळणारा स्वच्छ टोन बिघडतो, म्हणून तिथे ईक्यू फझच्या नंतरच.

शेवटची तपासणी उभं राहण्याच्या जागेची. वरचे मिड स्पीकरमधून सरळ रेषेत जातात, बाजूला फार पसरत नाहीत. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्या अगदी पुढे उभे असाल तर २-३ किलोहर्ट्झ गुडघ्यांना लागतात, कानाला कमी. मग तुम्ही ते वाढवता आणि समोरच्यांचे कान कापले जातात. ॲम्प मागे तिरका करा किंवा खुर्चीच्या उंचीवर ठेवा आणि मगच मिड ठरवा. ॲम्प कोणता, त्याला लूप आहे का आणि ओव्हरड्राइव्ह कोणत्या जातीचा, हे लिहिलंत तर आकडे अजून नेमके सांगता येतील.