हजेरीपटातली नावं आणि वर्गातली मुलं

या वेळच्या पत्रांत शिक्षकांचीच पत्रं जास्त आहेत. त्यातली पाच निवडली.

प्रश्न : बीड जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. हंगाम संपल्यावर मुलं परततात ती परक्यासारखी मागे बसतात. दर वर्षी पहिल्यापासून ओळख करायची का?

करावी लागते, कारण निरोपच नीट दिलेला नसतो. टोळी रात्रीतून ट्रकमध्ये बसते आणि सकाळी मूल हजेरीवर फक्त ‘गैरहजर’ होतं. तेव्हा कामाला दसऱ्यापासूनच लागा. मुकादमाकडून उचल कुणी घेतली हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या घरांत जाऊन या. मूल आजीजवळ राहील का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे तेव्हाच बघा. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून स्थलांतर करणाऱ्या मुलांना देतात ते) त्याच्या हातात द्या आणि कारखाना कोणता, तळ कुठे पडणार हे टिपून ठेवा. तिथल्या शाळेतल्या शिक्षकाला तुमचा एक फोन गेलेला असला, तर मूल तिथे कुणाचंच नसल्यासारखं उभं राहत नाही.

मधल्या महिन्यांत जमेल तसा फोन करत राहा. अभ्यासाचं लगेच काढू नका. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पाणी कुठून आणतात, धाकट्याला कोण सांभाळतं, हे विचारा. (बहुतेक वेळा सांभाळणारं तेच मूल असतं.) फोन वर्गातून लावलात तर त्याच्या दोस्तांनाही बोलू द्या.

परत आल्याच्या दिवशीच मुलांची चाचणी घेण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. मूल काय काय विसरलं एवढंच तिच्यातून दिसतं. टायरगाडीत किती ऊस बसतो, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) कोणत्या भावानं विकले, एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, दिवसाकाठी किती पडले, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पहिले काही दिवस गणित तिथूनच शिकवा आणि फळ्याजवळ त्यालाच उभं करा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. तुम्हाला शाळा फडात नेता येणार नाही, पण फडातलं गणित फळ्यावर घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मारायला बंदी आली आणि मुलं डोक्यावर बसली. आठवीची पोरं प्रेमानं सांगून ऐकत नाहीत. (माध्यमिक शिक्षक, सोलापूर)

सर, शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. आज आठवीत असलेली मुलं त्यानंतर जन्मली. छडी गेल्यामुळे ती बदलली असं म्हणता येत नाही. खरं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

माझ्या पाहण्यात ते बहुधा न्यायात सापडतं. सरपंचाच्या मुलाला उशीर झाला तर ‘बस’ आणि पारधी वस्तीवरच्या पोराला झाला तर ‘बाहेर थांब’, हे मुलं बरोबर टिपतात. एकदा टिपलं की तुमचं प्रेमही त्यांना खोटं वाटतं. वर्गाचे नियम थोडे असावेत, मुलांशी बोलून ठरवावेत आणि ते तुम्हालाही लागू असावेत. दंगा करणाऱ्याला सगळ्यांदेखत झापलं तर तो मित्रांसाठी नाटक करतो. तास संपल्यावर व्हरांड्यात दोन मिनिटं बोला, पण त्याच दिवशी. आणि ‘तुझा भाऊपण असलाच होता’ हे वाक्य कायमचं सोडा.

प्रश्न : नववीच्या तुकडीत ६५ मुलं. नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत, नातं कसलं जोडणार?

अमळनेरला प्रताप हायस्कुलात असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. त्यांचा दाखला देऊन शिक्षकांवर ओझं टाकण्याची आपल्याकडे सवयच आहे, मी तसं करणार नाही. पण मुलांना तुमच्या हातचं चार शब्दांचं लिहिलेलं मिळावं, एवढं त्यातून घ्या. वह्या तपासताना रोज तीन-चार मुलांच्या वहीत नावानिशी एक ओळ लिहा. ‘छान’ नको. ‘समीर, दुसऱ्या उदाहरणातली तुझी रीत माझ्यापेक्षा सोपी आहे’ असं काहीतरी. महिन्याभरात तुकडी पुरी होते आणि नावंही पाठ होतात.

प्रश्न : सहावीतल्या मुलीनं ‘बाई, कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारून घेतलं आणि मग नात्यातला एक माणूस अंगाशी वाईट वागतो असं सांगितलं. मी शब्द देऊन बसले आहे.

बाई, तो शब्द तुम्हाला पाळता येणार नाही आणि हे तिला तुमच्याच तोंडून कळायला हवं. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. पण हे थांबवायचं तर मला आणखी एकाला सांगावं लागेल,’ इतकं साधं बोला.

पोक्सो म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. न देणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना आणि शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीला जरूर सांगा, पण ‘आधी आपण चौकशी करू’ म्हणून कुणी थांबवत असेल तर थांबू नका. १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. मुलीला खोदून खोदून विचारू नका. पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागणं तिला फार जड जातं. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा. घरी फोन करण्याआधी तो माणूस त्याच घरात राहतो का, हे पोलिसांच्या कानावर घाला.

पोलिसांची भीती तिला वाटेल, तुम्हालाही वाटत असेल. कायद्यानं तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे तिला सांगून ठेवा. शिक्षक-खोलीत तिचं नाव निघू देऊ नका. वर्गात तिला एरवीसारखंच वागवा, गृहपाठ राहिला तर तोही विचारा.

प्रश्न : मुलं रात्री अकराला व्हॉट्सॲपवर अडचणी विचारतात. उत्तर दिलं नाही तर नाराज होतात.

होऊ द्या. रात्री आठनंतर फोन बघत नाही, हे वर्गात आणि पालकसभेत एकदाच सांगा. आणि सकाळी परिपाठाआधी दहा मिनिटं वर्गात येऊन बसा. एकेकट्या मुलाशी खासगी चॅट नको. वर्गाचा गट करा आणि त्यात पालकही असू द्या. रात्री उशिरा ‘झोप येत नाही’ असा एखाद्या मुलाचा मेसेज आला, तर मात्र तो अडचणीचा प्रश्न धरू नका. त्याला दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन विचारा.