नव्या मुख्याध्यापकांना: आधी वर्गात जाऊन बसा

पदभार घेतल्या घेतल्या मोठं प्रशिक्षण शिबिर लावायची घाई करू नका. एका दिवसाच्या भाषणांनी वर्गातलं शिकवणं फारसं बदलत नाही. त्यापेक्षा रोज एका वर्गात पंधरा मिनिटं मागच्या बाकावर बसा आणि शिक्षकाकडे नाही, मुलांकडे बघा. सारखा हात कोण वर करतं? कोणाला एकदाही प्रश्न जात नाही? फळ्यावरचं न समजता नुसतं उतरवून कोण घेतंय?

मग त्याच दिवशी शिक्षकांशी बोला आणि एकच गोष्ट सुचवा. उदाहरणार्थ, प्रश्न विचारून थोडं थांबणं. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं सविस्तर येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

ही निरीक्षणं शिक्षकांच्या वार्षिक मूल्यमापनात अजिबात जाऊ देऊ नका. एकदा गेली की तुम्हाला फक्त सजवलेले तास बघायला मिळतील.

शिक्षकांना एकमेकांचे तासही बघू द्या. तेवढा वेळ त्यांचा वर्ग तुम्ही स्वतः घ्या.