इंग्रजीत जिद्दीबद्दल बोलताना 'स्ट्राँग डिटर्मिनेशन'शिवाय काय म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबतच्या पत्रात तुम्ही 'आय हॅव स्ट्राँग डिटर्मिनेशन फॉर माय गोल' असं वाक्य टाकलंत, मैत्रिणीने ते खोडलं, पण का खोडलं ते तिलाही सांगता येईना. म्हणून तुमचा प्रश्न असा की जिद्द, चिकाटी, निर्धार यांच्यासाठी इंग्रजीत कोणते शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात.

मी गेली १८ वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करते आणि संध्याकाळी मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. हाच घोळ माझ्या हातूनही झालेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या वाक्यात 'स्ट्राँग' चुकीचं नाही. तो शब्दप्रयोग इंग्रजीत आहे, फक्त गुळगुळीत झालेला आहे. खरं खटकतं ते 'फॉर'. डिटर्मिनेशनच्या मागे इंग्रजीत 'टू' आणि क्रियापद येतं: 'डिटर्मिनेशन टू फिनिश', 'डिटर्मिनेशन टू सक्सीड'. आपण 'यशाची जिद्द', 'शिकण्याची जिद्द' म्हणतो, आणि तो 'ची' उचलून तिकडे नेला की 'फॉर' किंवा 'ऑफ' होतो. 'डिटर्मिन्ड'चंही तसंच आहे: 'आय ॲम डिटर्मिन्ड टू फिनिश धिस'. याचा उच्चारही आत्ताच पक्का करून टाका. शेवट 'मिन्ड' असा आहे, 'माइन्ड' असा नाही. मुलाखतीत 'डिटरमाइन्ड' म्हणणारी हुशार मुलं मी दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी हळहळते, कारण हे त्यांना शाळेतच कुणीतरी सांगायला हवं होतं.

विशेषणापेक्षा क्रियापदाची जोडी आधी शिका, असं मी सगळ्यांना सांगते. मराठीत निर्धार करतात, शपथ घेतात, जिद्द बाळगतात, विडा उचलतात, चंग बांधतात. इंग्रजीत डिटर्मिनेशन करता येत नाही आणि घेताही येत नाही. ते माणसात असतं किंवा त्याच्या वागण्यातून दिसतं, म्हणून त्याच्याबरोबर 'हॅव' आणि 'शो' येतात. करायचं असतं ते 'रेझोल्यूशन', म्हणून नव्या वर्षाला 'मेक अ रेझोल्यूशन'. घ्यायची असते ती शपथ, 'टेक ॲन ओथ'. आणि निर्धार डळमळला, कसाला लागला किंवा आणखी पक्का झाला असं सांगायचं असेल तर 'रिझॉल्व्ह' हा शब्द फार सुंदर काम करतो. 'इट स्ट्रेंथन्ड माय रिझॉल्व्ह', म्हणजे त्याने माझा निर्धार उलट बळावला. 'इट टेस्टेड माय रिझॉल्व्ह', म्हणजे त्याने माझा कस पाहिला. ही दोन वाक्यं अर्जाच्या पत्रात सहज बसतात आणि कुणाच्याही कानाला खटकत नाहीत.

आता विशेषणं. यादी कुठल्याही शब्दकोशात मिळेल, पण त्या यादीतून एक गोष्ट कळत नाही: यातल्या प्रत्येक विशेषणाला स्वतःचा चेहरा आहे, आणि तो चेहरा जुळला नाही तर वाक्य बरोबर असूनही खोटं वाटतं. मला हे क्रिकेटच्या इंग्रजी वर्णनांतून समजलं, म्हणून उदाहरणंही तिथलीच देते.

मे २००२. वेस्ट इंडीजमधली अँटिग्वाची कसोटी. फलंदाजी करताना चेंडू लागून अनिल कुंबळेचा जबडा मोडला. पुढे तो चेहऱ्याभोवती पट्टी बांधून मैदानात उतरला, सलग १४ षटकं टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. मग शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. यासाठी इंग्रजीत शब्द आहे 'शीअर डिटर्मिनेशन'. शीअर म्हणजे निव्वळ, दुसरं काहीही न मिसळलेलं. हा शब्द वापरला की आपोआप एक कबुली येते: शरीर साथ देत नव्हतं, परिस्थिती बाजूने नव्हती, होती ती फक्त जिद्द. त्यामुळे तो बहुतेक वेळा 'थ्रू' किंवा 'बाय' यांच्या मागून येतो, 'थ्रू शीअर डिटर्मिनेशन'. मराठीत आपण 'केवळ जिद्दीच्या जोरावर' म्हणतो, त्यातल्या 'केवळ'ची जागा इथे शीअरने घेतलेली आहे. ज्याच्याकडे पैसा, वेळ, ओळखी सगळं होतं त्याच्या यशाला हा शब्द लावू नका.

११ जानेवारी २०२१, सिडनी. भारतापुढे ४०७ धावांचं लक्ष्य. शेवटच्या दिवशी हनुमा विहारीचा पायाचा स्नायू दुखावलेला, अश्विनची पाठ धरलेली. दोघांनी मिळून ४२ हून जास्त षटकं खेळून काढली. विहारीने १६१ चेंडूंत नाबाद २३ केल्या, अश्विनने १२८ चेंडूंत नाबाद ३९. भारत ५ बाद ३३४ वर थांबला आणि सामना अनिर्णित राहिला. हे 'डॉगिड'. यात झळाळी नाही, आवेश नाही. एक चेंडू, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शब्द कुत्र्यावरूनच आलेला आहे, हाड तोंडात धरलं की न सोडणाऱ्या. आपल्याकडे कुत्र्याची उपमा अपमानाची वाटते, म्हणून माझे विद्यार्थी हा शब्द वापरायला बिचकतात. बिचकू नका, इंग्रजीत हे कौतुक आहे. उच्चार मात्र दोन तुकड्यांत करायचा, डॉ-गिड. 'डॉग्ड' असा एका दमात म्हटलात तर ते पाठलाग करण्याचं भूतकाळी क्रियापद होतं. मराठीत मी याला 'चिवट' म्हणते. चिवट प्रतिकार, 'डॉगिड रेझिस्टन्स'. इतकी नेमकी जोडी भाषांतरात क्वचित सापडते आणि सापडली की दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

'ग्रिम डिटर्मिनेशन'मध्ये हसू नाही. ओठ घट्ट मिटलेले, गोष्ट कठीण आहे हे माहीत आहे, तरी करायचीच आहे. कर्करोगाच्या उपचारांना सामोरं जाणाऱ्या माणसाबद्दल हे म्हणता येईल, नव्या अभ्यासक्रमाला उत्साहाने प्रवेश घेणाऱ्या मुलीबद्दल नाही. 'फिअर्स'मध्ये धग असते, 'स्टीली'मध्ये पोलादाचा थंडपणा, बहुतेक नजरेतला. 'क्वाएट डिटर्मिनेशन' मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण आपल्या कितीतरी आया-मावश्या तशाच जगल्या, कुठे न बोलता, नेटाने. इंग्रजीत त्यांच्यासाठी इतका साधा शब्द आहे हे कळलं तेव्हा मला भरून आलं होतं.

या विशेषणांबाबत एक पथ्य पाळा. ती दुसऱ्याबद्दल बोलताना शोभतात, स्वतःबद्दल नाही. 'शी शोड क्वाएट डिटर्मिनेशन' छान वाटतं, 'आय हॅव क्वाएट डिटर्मिनेशन' म्हटलं की तो शांतपणाच संपतो.

आता तो घोळ. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी लिहिलं होतं, 'आय ॲम अ व्हेरी स्टबर्न पर्सन'. मला म्हणायचं होतं, मी जिद्दी आहे. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, तुमचं सहकाऱ्यांशी पटत नाही का? मी गोंधळले, उत्तर धड देता आलं नाही, नोकरी गेली. बरेच दिवस वाईट वाटत राहिलं, कारण चूक कुठे झाली हे कोणी सांगितलं नाही. खूप नंतर उलगडा झाला. माझ्याकडे होता तो हिंदी-इंग्रजी शब्दकोश. हिंदीत जिद म्हणजे मुख्यतः हट्ट, हेका, म्हणून तिथे 'जिद्दी'समोर 'स्टबर्न' छापलेलं होतं, आणि हिंदीपुरतं ते बरोबरही होतं. मूळ अरबी शब्द एकच, पण मराठीत आल्यावर जिद्द हा गुण झाला. 'पोरगी जिद्दीची आहे' हे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. तेव्हा मराठी जिद्दीसाठी 'डिटर्मिन्ड', आणि हट्टी, हेकेखोर, आडमुठा यांच्यासाठी 'स्टबर्न' आणि 'ऑब्स्टिनेट'.

याच दारात आणखी दोन शब्द पाय अडकवतात. एक 'ॲडमंट'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न फुटणारा, हिऱ्याचा इंग्रजी शब्दही त्याच मुळातला. पण याचा अर्थ आपलं मत बदलायला तयार नसलेला, आणि तेही सहसा समोरचे समजावत असताना. 'आय ॲम ॲडमंट टू लर्न' असं लिहू नका. दुसरा 'हेल-बेंट ऑन'. सिनेमातून ऐकून तरुण मुलं वापरतात. त्यात परिणामांची पर्वा न करण्याची छटा आहे. साधं 'बेंट ऑन' म्हटलं तरी ते सूडाबरोबर किंवा नासधुशीबरोबर जास्त दिसतं. चांगल्या हेतूसाठी 'सेट ऑन' घ्या, 'शी हॅज हर हार्ट सेट ऑन मेडिसिन'.

लोखंडाचंही थोडं सांगते. 'आयर्न विल' म्हणजे पोलादी इच्छाशक्ती, हे आपल्याला जवळचं वाटतं. मार्गारेट थॅचरना 'आयर्न लेडी' हे नाव मात्र सोव्हिएत सैन्याच्या वर्तमानपत्राने जानेवारी १९७६ मध्ये टोमणा म्हणून दिलं होतं. त्यांनी ते स्वतःच मिरवलं आणि त्याची स्तुती झाली. या सगळ्या शब्दांचं असंच आहे. बोलणारा बाजूचा की विरुद्ध बाजूचा, यावर एकाच वागण्याला 'डिटर्मिन्ड' म्हणायचं की 'पिग-हेडेड' हे ठरतं.

वाक्प्रचारांत सावध राहा, कारण शरीराचे अवयव दोन्ही भाषांत आहेत पण कामं वेगळी करतात. 'ग्रिट युअर टीथ' म्हणजे दात घट्ट आवळून त्रास सोसत पुढे जाणं. त्याला मी एका छापील मजकुरात 'दातओठ खाऊन' असं केलेलं पाहिलं आहे. दातओठ माणूस रागाने खातो! उलट 'मूव्ह हेवन अँड अर्थ' आणि आपलं 'आकाशपाताळ एक करणं' अगदी हातात हात घालून चालतात. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड'ला 'जंग जंग पछाडणं' चपखल बसतं. 'सी इट थ्रू'साठी आपल्याकडे 'तडीस नेणं' आहे. तड म्हणजे काठ, आणि नाव काठाला लागेपर्यंत वल्हं न सोडण्याचं ते चित्र मला इंग्रजीपेक्षा सुंदर वाटतं. 'पुल आउट ऑल द स्टॉप्स' हे चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनवरून आलं. आपल्या पेटीला पुढे ओढायच्या खुंट्या असतात ना, त्या जातीचे ते स्टॉप. सगळे बाहेर ओढले की वाद्य पूर्ण आवाजात वाजतं. म्हणजे हातचं काही न राखता प्रयत्न करणं.

रोजच्या बोलण्यात मात्र इंग्रजी माणूस डिटर्मिनेशन हा शब्द फारसा काढतच नाही. तो म्हणतो 'कीप ॲट इट', 'स्टिक विथ इट', 'हँग इन देअर', 'डोन्ट गिव्ह अप'. कंटाळवाणं आणि कठीण काम रेटत नेलं तर 'सोल्जर ऑन'. हे छोटे शब्द शाळेत शिकवले जात नाहीत याची मला खंत आहे, कारण जिद्दीची खरी बोली हीच आहे.

भाषांतराकडे वळणार असाल तर आणखी एक. डिटर्मिनेशनच्या मुळाशी लॅटिनमधली हद्द, सीमा आहे. त्यामुळे निर्धाराशी काहीही संबंध नसलेल्या जोड्याही भेटतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ मध्ये 'डिटर्मिनेशन ऑफ लीज' आहे. त्याचा अर्थ भाडेपट्टा संपुष्टात येणं. एका कच्च्या भाषांतरात मी 'भाडेपट्ट्याचा निर्धार' वाचलं आहे. 'सेल्फ-डिटर्मिनेशन' म्हणजे राष्ट्राचा स्वयंनिर्णयाचा हक्क. आणि दवाखान्यात 'सेक्स डिटर्मिनेशन' केलं जात नाही असा जो फलक असतो, तिथे तो शब्द गर्भलिंग निदानासाठी आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला.

आता तुमच्या पत्राकडे. प्रश्नाच्या खालच्या ओळीत तुम्ही सहज सांगून गेलात की पूर्णवेळ नोकरी करत दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला तुम्ही प्रवेश परीक्षा पास झालात. हे पत्रात नाहीच! 'आय हॅव स्ट्राँग डिटर्मिनेशन' काढून टाका आणि तिथे हे लिहा: 'आय फेल्ड द एन्ट्रन्स एक्झाम ट्वाइस. आय केप्ट ॲट इट व्हाइल वर्किंग फुल टाइम, अँड पास्ड ऑन माय थर्ड अटेम्प्ट.' त्याच्या पुढे हवं तर एकच वाक्य, 'आय ॲम डिटर्मिन्ड टू सी धिस डिग्री थ्रू.' 'फॉर' कुठेही नाही, तेवढं छापण्याआधी पुन्हा एकदा तपासा.